जात्यावरचे गाणे आणि लिहून घेणारा हात

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवली जात होती. कवयित्रीचा परिचय वाचून झाला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, की बाईंना लिहितावाचता येत नव्हते, तर मग ही कविता पुस्तकात आली कुठून? वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. इतिहासाच्या शिक्षकाला विचारावा असाच तो प्रश्न होता. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने खान्देशच्या या कन्येचे चरित्र येथे थोडक्यात मांडत आहे.

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या आसोदे या गावी १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घामा, गना आणि घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी अशा भरल्या घरात त्या वाढल्या. घर लेवा पाटीदार शेतकऱ्याचे. त्या काळी आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून एकच खान्देश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली. बहिणाबाईंच्या जन्माआधीच रेल्वेचा लोहमार्ग जळगावातून गेला होता आणि काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बाजारात पोहोचू लागला होता. कापसाने शहर वाढत होते. शाळा निघाल्या होत्या, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने पाटी हाती घ्यावी असा विचार त्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलेला नव्हता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढून तेव्हा तीन दशके उलटली होती. एवढे अंतर पुणे आणि आसोद्यामध्ये होते.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. चौधरींचे घर मोठे, माणसांचा राबता मोठा आणि म्हणून सुनेच्या वाट्याला येणारे कामही मोठे. पहाटे दळण, मग सडासारवण, चूल, पाणी, नंतर शेत. शेतात निंदणी, कापणी, कपाशीची वेचणी, खळ्यावर मळणी आणि उफणणी. या कामांच्या साखळीत त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या गाण्यांत ही सारी कामे एकेक करून येतात, ती पाहिलेल्या माणसाच्या नजरेने नव्हे, हाताला घट्टे पडलेल्या माणसाच्या अनुभवाने येतात.

काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे. संसार उभा राहत असतानाच नथुजी वारले. बहिणाबाई तेव्हा सुमारे तीस वर्षांच्या होत्या. सोपान तर अगदीच लहान. प्लेगच्या साथींनी त्या वर्षांत खान्देशातली गावे रिकामी केली होती. ओंकारालाही त्या रोगाने गाठले. तो वाचला, परंतु कायमचे अपंगत्व घेऊन. तरुण विधवेचे त्या समाजात काय होत असे, हे नव्याने सांगायला नको. कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात आणि शुभकार्यात तिची सावली नको होई. बहिणाबाईंनी या दुःखावर गाणे रचले आहे. त्यात त्या रडतात, पण रडून थांबत नाहीत. कपाळावरचे कुंकू गेले तरी त्याखालचे गोंदण पुसता आले नाही आणि बांगडी फुटली तरी मनगटातली करामत शाबूत आहे, असा त्या गाण्याचा आशय आहे. हात पाहून भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषालाही त्या एका गाण्यात दारातूनच परत पाठवतात. आपले दैव आपल्याला ठाऊक आहे, त्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने हाताच्या रेषा वाचणाऱ्याचा आधार नाकारावा, ही गोष्ट आपल्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता गाण्याविषयी. बहिणाबाई कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाल्या, पण त्यांनी कविता कधी लिहिली नाही. त्या गात होत्या. त्यांच्या गाण्याला पेटी नव्हती, तबला नव्हता, समोर श्रोते नव्हते. साथ होती ती जात्याची. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात आणि बहिणाबाईंच्या गाण्यातही तोच शब्द आहे. आज गिरणीतून पीठ आणणाऱ्या पिढीला हे संगीत कसे घडत असे ते सांगायला हवे. उजवा हात खुंट्यावर, डावा हात दाण्याच्या मुठीसह जात्याच्या तोंडाशी. वरची तळी फिरू लागली की एकसारखी घरघर सुरू होते. दादर असो की बाजरी, धान्यानुसार ती घरघर बदलते. तळी जड असली तर गाण्याची चालही संथ होते, दाणा बारीक पडला की ती हलकी होते. श्वास ओढताना शब्द थांबतो आणि खुंटा सैल सुटताना पुढे जातो. घरातली माणसे झोपलेली असतात, म्हणून आवाज चढवायचा नसतो. शेजारी गोधडीत लेकरू असते आणि तेवढेच काय ते श्रोतृवृंद. असे हे गाणे कोणाला ऐकवण्यासाठी नसते. ते स्वतःशी केलेले बोलणे असते आणि म्हणूनच त्यात खोटे बोलायला जागा नसते.

बहिणाबाईंच्या रचनेत या पहाटेच्या खुणा स्पष्ट दिसतात. ज्याच्याविषयी गायचे त्याला त्या आधी हाक मारतात आणि बरेचदा त्याचे नाव दोनदा घेतात. संसाराला, मनाला, वाऱ्याला, घरोटाला त्या समोरच्या माणसासारखे संबोधतात. खुंटा ओढणाऱ्या हाताला सुरुवातीचा जोर लागतो, तो जोर त्या दोनदा घेतलेल्या नावातून मिळत असावा, असे मला ते गाणे म्हणून पाहताना वाटत आले आहे. ओळी आखूड आहेत. श्वासात मावतील एवढ्याच. उपमा दूरच्या नाहीत. संसार म्हणजे चुलीवरचा तवा, ज्यावर भाकरीआधी हाताला चटका बसतो. मन म्हणजे पिकात शिरलेले मोकाट ढोर, कितीही हाकला तरी परत येणारे. चोचीखेरीज दुसरे अवजार नसलेली सुगरण झाडाला घरटे टांगते, त्या कसबाकडे त्या कारागिराच्या आदराने पाहतात. कोणत्या गोष्टीला कोणते नाव शोभत नाही हे सांगणाऱ्या एका गाण्यात तर त्यांनी नीतीचा सगळा विचार कपाशी, पाऊस, पोट आणि माया यांच्या भाषेत मांडला आहे. विद्वानाने ग्रंथभर लिहावे ते त्या दळणाच्या एका पाटीत सांगून जातात.

त्यांच्या भाषेविषयी एक खुलासा करणे आवश्यक वाटते. धुळे आणि नंदुरबारकडील आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की बहिणाबाईंची गाणी अहिराणीत आहेत. तसे नाही. पूर्व खान्देशात, जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात लेवा समाजाची जी बोली नांदते, त्या बोलीत ती आहेत. अहिराणी तिची शेजारीण आणि वऱ्हाडीही शेजारीण. शाळेत या बोलींना पूर्वी अशुद्ध म्हणून हिणवले जाई. बहिणाबाईंच्या गाण्यांनी त्या हिणवण्याला उत्तर दिले. ळ चा य करणारी बोली मराठी कवितेच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. गाणे पुस्तकात आले कसे?

बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांचा धाकटा मुलगा गेला. सोपानदेव चौधरी पुढे स्वतः मराठीतले नावाजलेले कवी झाले. ते शाळकरी असतानाची एक हकीकत सांगितली जाते. त्यांच्या पाठ्यपुस्तकात सावित्री आणि सत्यवानाची कथा होती. मुलाने ती घरी आईला वाचून दाखवली. आईने ऐकली आणि लगेच त्याच कथेवर स्वतःचे गाणे रचून म्हटले. मुलगा चकित झाला. रोज कानावर पडणारे आईचे गाणे हे आपल्या पुस्तकातल्या कवितेच्या जातीचेच आहे, हे त्याला कळले. सोपानदेव आणि त्यांचे नात्यातले भाऊ पितांबर चौधरी यांनी मग वेळोवेळी ही गाणी टिपून ठेवली. आई काम करता करता गाई आणि मुले लिहून घेत. वही साधी होती, पण मराठी साहित्याच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे.

विचार करा, काय घडले होते. ज्या घरातल्या बाईला अक्षर नाकारले गेले, त्याच घरातला मुलगा अक्षर शिकून परत आला आणि त्याने आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग आईचे शब्द जपण्यासाठी केला. शाळेत शिकलेली मुले घरच्या बोलीची लाज बाळगू लागतात, हा अनुभव शिक्षक म्हणून आम्हाला नेहमीचा आहे. सोपानदेवांनी ती लाज बाळगली नाही. त्यांनी आईची बोली सुधारली नाही, तिला पुस्तकी पोशाख चढवला नाही. आईने जसे म्हटले तसेच कागदावर उतरवले.

स्वतः बहिणाबाईंना अक्षराचे मोल कळत होते. छापखान्यावर त्यांचे एक गाणे आहे. यंत्राखालून कोरा कागद जातो आणि छापून बाहेर येतो तेव्हा शहाणा झालेला असतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो, असा टोला त्यांनी त्यात लगावला आहे. वाचता न येणाऱ्या बाईने छापील कागदाचे कौतुकही केले आणि वाचता येणाऱ्यांची फिरकीही घेतली. आपल्या गाण्याच्या वाट्याला एक दिवस तोच छापील कागद येणार आहे, हे मात्र त्यांना पाहायला मिळाले नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचे निधन झाले. वय एकाहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. खेड्यातल्या अशिक्षित बाईची ही गाणी रसिकांना रुचतील की नाही, याविषयी मुलाच्या मनात संकोच होता. अत्र्यांनी काही गाणी ऐकली आणि ती लोकांपुढे आणण्याचा आग्रह धरला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आयुष्यभर कोणाला न दिसलेली ही बाई घराघरांत पोहोचली. १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांची गाणी वसंत पवार यांच्या संगीतासह आली आणि ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते त्यांच्याही ओठांवर ती बसली. पहाटेचे हलक्या आवाजातले गाणे रेडिओवरून वाजू लागले. पुढे ती पाठ्यपुस्तकांत आली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतला पदवीधर आज जे प्रमाणपत्र हाती घेतो, त्यावर सही करता न येणाऱ्या एका बाईचे नाव असते. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे.

इथपर्यंत गौरवाचा भाग झाला. इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बहिणाबाई आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. त्यांच्या गाण्यात विठ्ठल आहे, सण आहेत, देवाची आळवणी आहे. त्या जमीनधारक शेतकरी समाजातल्या होत्या. गावकुसाबाहेरचे दुःख हा त्यांच्या गाण्याचा विषय नव्हे. त्यांना ओढून आपल्या बाजूला बसवण्याचे कारण नाही आणि त्या आपल्या बाजूच्या नाहीत म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचेही कारण नाही. माणसाला त्याच्या जागी ठेवून पाहणे यालाच इतिहास म्हणतात.

परंतु त्यांना त्यांच्या जागी ठेवून पाहिले की शेजारच्या रिकाम्या जागाही दिसू लागतात. आसोद्यात आणि जळगावात त्या काळी एकच जाते फिरत नव्हते. प्रत्येक घरात फिरत होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही फिरत होते आणि तिथल्या बायाही गात होत्या. त्यांच्या घरातला मुलगा शाळेत गेलेला नव्हता, कारण शाळेचे दार त्याच्यासाठी बंद होते किंवा उघडे असले तरी त्याला ओसरीवर बसवले जात होते. म्हणून त्यांचे गाणे दळणासोबत संपले. बहिणाबाईंची प्रतिभा थोर होतीच, पण प्रतिभेइतकीच एक लिहून घेणारा हातही लागतो, हे विसरून चालणार नाही.

याच खान्देशात कागद जपण्याची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने १९२७ साली धुळ्यात संशोधन मंडळ स्थापन झाले आणि जुनी दप्तरे, पोथ्या, पत्रे तिथे सांभाळली गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी जागेवर लिहून घेतली म्हणून आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. त्याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्याही गोळा करून प्रसिद्ध केल्या. बोलणारा कोणीही असो, लिहून घेणारा नसेल तर बोल वाऱ्यावर जातो. पुढच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी पुण्याहून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. ज्यांना कोणी कवयित्री म्हटले नाही अशा आपल्या आयाबहिणींनी त्या रचल्या आहेत.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. तथागतांची वचने कित्येक पिढ्या मुखोद्गत होती. श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ती ताडपत्रावर आली. त्या साहित्यातच थेरीगाथा आहे, भिक्खुणींनी स्वतःच्या मुक्तीविषयी गायलेल्या गाथांचा संग्रह. त्यात पाणी भरणारी दासी पुण्णा आहे, जी पापे धुण्यासाठी थंडीत नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला प्रश्न विचारून निरुत्तर करते. उखळ-मुसळाच्या जाचातून सुटल्याचा आनंद सांगणारी मुत्ता आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बायांचे कांडणे आणि बहिणाबाईंचे दळणे यांत फारसे अंतर नाही. त्यांचे शब्द कोणी तरी पाठ केले, कोणी तरी लिहिले, म्हणून आपल्यापर्यंत आले.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. माझी आई धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात जात्यावर गात असे. भीमाच्या ओव्या, माहेराच्या ओव्या, दुष्काळाच्या वर्षाच्या ओव्या. मी गोधडीत पडून त्या ऐकल्या. गावात विजेची गिरणी आली आणि जाते अंगणात पालथे पडले. नंतरही भांडी घासताना ती गुणगुणत असे. मी इतिहासात एम. ए. केले, जुन्या मोडी कागदांच्या नकला केल्या, कोणत्या गावचा महसूल कोणत्या वर्षी किती होता हे टिपून ठेवले. आईची एकही ओवी लिहून घेतली नाही. तिला ती कागदावर ठेवण्याजोगी वाटत नव्हती आणि मला सुचले नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. दोन-तीन ओळी उरल्या आहेत आणि त्याही मी नंतर जुळवल्या की तिच्याच आहेत, हे आता सांगता येत नाही.

सहावीतल्या त्या मुलाला मी वर्गात एवढेच उत्तर दिले होते, की त्यांच्या मुलाने ती लिहून घेतली. पुढच्या सोमवारी तो घरून परत आला तेव्हा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर आजीच्या चार ओव्या होत्या. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकच विनंती आहे. आपल्या घरात साठी-सत्तरी ओलांडलेली एखादी आई, आजी, आत्या, मावशी असेल. तिच्याजवळ बसावे. आता वहीचीही गरज नाही, खिशातला मोबाइल पुरेसा आहे. ती म्हणेल, मला काही येत नाही. बहिणाबाईंनाही कोणी कवयित्री म्हणत नव्हते. तिला जे आठवेल ते जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तिच्याच चालीत उतरवून घ्यावे आणि विद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पाठवावे. आपल्या वस्तीतल्या किती बहिणाबाई आपण गमावल्या, याचा हिशेब आता लागणार नाही. ज्या आज आहेत, त्यांना गमावू नये.